पहिल्या आकड्याची घाई

थांबलेले हृदय पुन्हा सुरू झाल्यावर अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकांच्या हाती पहिली जी गोष्ट येते ती म्हणजे एक आकडा. ‘पंपिंग वीस टक्के आहे.’ तो कोणत्या घटकेला मोजला, त्या वेळी कोणती औषधे चालू होती, उद्या तो बदलण्याचा संभव किती, हे विचारण्याची मनःस्थिती त्या माणसांची नसते. सांगण्याची सवड पुष्कळदा डॉक्टरांनाही नसते. तरीही त्याच आकड्यावर रातोरात निर्णय होतात. रुग्णाला खाडीपलीकडे मुंबईस हलवायचे काय, ठेव मोडायची काय, की आता उपयोग नाही असे समजून घरी न्यायचे? वसई-विरारमध्ये या निर्णयांची किंमत फार मोठी असते. म्हणूनच हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचा विचार येथे अगत्याने व्हावयास हवा.

हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने भरला असता त्यातील किती हिस्सा एका ठोक्यासरशी बाहेर फेकला जातो, त्याचे हे प्रमाण. निरोगी माणसातही ते शंभर नसते. साधारणतः ५५ ते ७० टक्के असते. शालान्त परीक्षेतील ३५ गुणांची सवय जडलेल्या समाजात त्याविषयी दोन्ही बाजूंनी गैरसमज होतात. साठ ऐकून कोणी धास्तावतो, तर पस्तिशी गाठली म्हणून कोणी निर्धास्त होतो. मोजण्याचे साधन ध्वनिलहरींचे, ज्याला सर्वत्र टूडी इको म्हणतात ते. स्वीडनमधील एडलर आणि हर्ट्झ यांनी १९५३ साली धातूतील दोष शोधण्यासाठी बनवलेल्या यंत्राने प्रथम हृदयाचा वेध घेतला, तेथून या विद्येचा आरंभ झाला. आज ही यंत्रे वसई, नालासोपारा, विरार येथेही दुर्मीळ राहिलेली नाहीत. उणीव यंत्राची नाही, दुसऱ्यांदा मोजण्याच्या रिवाजाची आहे.

हृदय थांबते तेव्हा त्याच्या स्वतःच्या स्नायूचाही रक्तपुरवठा तुटतो. ते पुन्हा सुरू झाल्यावर स्नायू जिवंत असतो, परंतु काही काळ गोठल्यासारखा राहतो. रक्तपुरवठा परतल्यावरही टिकणाऱ्या अशा बधिरतेकडे ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी १९८२ साली लक्ष वेधले होते. पुढे पॅरिसमधील वैद्यांनी २००२ साली १६५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयाबाहेर हृदय थांबून ज्यांना परत आणले गेले, असे हे रुग्ण. त्यांतील ज्यांचा रक्तदाब ढासळला होता, त्यांच्या हृदयाचे काम आठव्या तासाच्या सुमारास सर्वांत खालावलेले आढळले. चोवीस तासांत ते सुधारू लागले आणि बहात्तर तासांपर्यंत बऱ्याच अंशी पूर्वपदावर आले. म्हणजे मध्यरात्री नातेवाइकांना जो आकडा ऐकवला जातो, तो नेमका तळाचा असण्याचा संभव असतो. हृदयाच्या विद्युत आलेखाचेही असेच आहे. हृदय सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या सात-आठ मिनिटांत काढलेला ईसीजी नसलेला झटका दाखवू शकतो. म्हणून तो थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो.

प्रत्येकाचे हृदय सावरते असा याचा अर्थ नव्हे. ज्याच्या स्नायूचा मोठा भाग झटक्याने मेलेला आहे, किंवा ज्याचे हृदय आधीपासूनच दुबळे होते, त्याचा आकडा तिसऱ्या दिवशीही खालीच राहील. पण बधिर कोणते आणि मृत कोणते, हे एका मापनाने पुष्कळदा ठरतच नाही.

ही गोष्ट महाराष्ट्राच्या महसूल खात्याला पुरती ठाऊक आहे. पिकांची पैसेवारी ठरवताना सप्टेंबरात नजरअंदाज, ऑक्टोबरात सुधारित आणि डिसेंबरात अंतिम, अशा तीन पायऱ्या असतात. सप्टेंबरातील शिवाराकडे पाहून कोणी वर्षाचा निकाल लावीत नाही. वसईच्या भातशेतीला जी सवलत आहे ती वसईच्या माणसाला नसावी, हे काहीसे चमत्कारिकच म्हणावे लागेल.

अभिनेते श्रेयस तळपदे यांचे हृदय १४ डिसेंबर २०२३ रोजी थांबले. काही मिनिटे ते बंद होते, असे त्यांनीच पुढे सांगितले. अंधेरीतील रुग्णालयात त्यांना परत आणण्यात आले, अँजिओप्लास्टी झाली, काही दिवसांत ते घरी आले आणि यथावकाश कामावरही रुजू झाले. एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही हे खरे. परंतु ते रुग्णालय अंधेरीत होते, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही. विरार चर्चगेटपासून ६० किलोमीटरवर आहे, मध्ये वसईची खाडी आहे आणि रस्त्याने जायचे तर महामार्गावरील कोंडी आहे. या कोंडीत रुग्णवाहिका अडकून पडल्याच्या बातम्या २०२५ सालीही वाचाव्या लागल्या. २००९ साली महानगरपालिका झालेल्या आणि २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेलेल्या या शहराला गंभीर आजारात आजही प्रथम मुंबईच आठवते.

त्या प्रवासाची घाई प्रत्येक वेळी आवश्यक असते काय? ईसीजीवर झटक्याची स्पष्ट खूण असेल तर निश्चितच असते. तेथे विलंब म्हणजे स्नायूचा नाश. परंतु अशी खूण नसलेल्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तातडीने अँजिओग्राफी केलेल्यांपैकी ६४.५ टक्के, तर थांबून केलेल्यांपैकी ६७.२ टक्के रुग्ण नव्वद दिवसांनी जिवंत होते. तातडीने काही लाभ झाला नाही. अशा रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवून रात्री घोडबंदरच्या रांगेत उभे करण्यापेक्षा जवळच्या चांगल्या अतिदक्षता विभागात स्थिर करणे शहाणपणाचे ठरू शकते.

खाटा मोजक्या आहेत, तीन दिवस वाट पाहणाऱ्यामागे चौथा रुग्ण ताटकळतो, हा आक्षेप वजनदार आहे. शिवाय हृदय सावरले तरी मेंदू सावरेलच असे नाही. पहिले काही दिवस तरून गेलेल्यांपैकी अनेकांचा मृत्यू मेंदूच्या इजेमुळेच होतो. परंतु मेंदूविषयीचा अंदाजही बहात्तर तासांपूर्वी बांधू नये, असे युरोपातील तज्ज्ञांचे २०२१ चे मार्गदर्शन आहे. तेव्हा हे तीन दिवस एरवीही द्यावेच लागतात. त्यांच्या अखेरीस आणखी एक टूडी इको केल्याने खर्चात पडणारी भर क्षुल्लक आहे. एका तपासणीचा खर्च हजारांत, अँजिओप्लास्टीचा त्याच्या कित्येक पट, आणि छातीत बसवण्याच्या झटका-यंत्राचा लाखांत जातो.

हे यंत्र बसवण्याचा निर्णयही घाईने घ्यायचा नसतो. हृदय तीव्र झटक्याच्या भरात थांबले असेल तर किमान चाळीस दिवसांनी, आणि अँजिओप्लास्टी झाली असल्यास तीन महिन्यांनी, पुन्हा मोजून ३५ चा उंबरठा पाहिला जातो. कारणच सापडले नाही अशा रुग्णांची गोष्ट वेगळी. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेच्या २०२० च्या यादीत ९९६ उपचारांसोबत १२१ पाठपुरावा सेवाही होत्या; म्हणजे नंतरच्या तपासणीचे पैसे देण्याचे तत्त्व शासनाला नवे नाही. हृदय थांबून परतलेल्या प्रत्येक रुग्णाला, त्याच्यावर शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, तिसऱ्या दिवसाचे आणि तिसऱ्या महिन्याचे मापन अर्जाविना व तालुक्यातच मिळावे, एवढी भर त्यात घालणे अवघड नाही.

आणि त्या मापनांची तुलना व्हायची तर जुना कागद घरी असावा लागतो. शिक्षक आणि सरकारी कर्मचारी वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी मूळ बिलांसोबत पुष्कळदा मूळ अहवालही जोडतात. प्रकरण मंजूर होईपर्यंत, आणि नंतरही, तो अहवाल कार्यालयाच्या फायलीत राहतो; नवा डॉक्टर आधीचा आकडा विचारतो तेव्हा रुग्णाजवळ आवक क्रमांकाची पोच तेवढी असते.