खुले आवाहन आणि अव्यक्त निकष

प्रदर्शनांचे प्रस्ताव जाहीर आवाहन करून मागवावेत आणि परीक्षक मंडळाने त्यांची निवड लोकांसमक्ष करावी, एवढ्याने कलाव्यवहार लोकशाही होतो, अशी समजूत आपल्याकडे रूढ होऊ पाहत आहे. ओळखीपाळखीतून होणाऱ्या गुप्त निवडीपेक्षा ही पद्धत निःसंशय बरी. परंतु 'बरी' आणि 'न्याय्य' यांतील अंतर बुजवण्याचे काम समीक्षेने तरी करू नये.

खुली प्रवेशिका आपल्याला नवी नाही. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीची वार्षिक प्रदर्शने प्रवेशिका आणि परीक्षक यांच्याच आधारे चालत आली. अमृता शेरगिल यांच्या तीन मुलींच्या चित्राला १९३७ साली सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. तरीही दहाच वर्षांनी सूझा, आरा, रझा, हुसेन आदींना प्रस्थापित अभिरुचीबाहेर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभारावा लागला. त्या पद्धतीचे दोष काहीही असोत, तेथे परीक्षकासमोर चित्र होते. प्रस्तावाच्या निवडीत त्याच्यासमोर गद्य असते.

हा फरक गौण नाही. प्रस्ताव हा एक वाङ्मयप्रकारच आहे. त्याचा काळ भविष्याचा, निवेदक आत्मविश्वासू, परिभाषा उसनी आणि अभिप्रेत वाचक महानगरी, बहुधा इंग्रजी वाचणारा. या प्रकारावर ज्याची हुकमत तो कलावंत निवडला जातो. पणदऱ्यासारख्या बारामती तालुक्यातील गावात राहून चित्र काढणाऱ्या तरुणापर्यंत आवाहन पोहोचले, असे गृहीत धरू. त्याचे रंगाचे आकलन प्रगल्भ असू शकेल. पण 'संकल्पना', 'हस्तक्षेप', 'अवकाश' या शब्दांची जुळणी त्याला साधली नाही, तर त्याचे चित्र कोणी पाहण्यापूर्वीच नाकारले जाते. त्याला नाकारणारे मंडळ सार्वजनिक आहे, हे त्याचे सांत्वन होऊ शकत नाही.

यावर नियमांत आणखी सैलपणा आणावा, असा उपाय सुचवला जातो. १९१७ साली न्यूयॉर्कच्या स्वतंत्र कलावंतांच्या संस्थेने परीक्षकच नकोत असे जाहीर केले होते. शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाची कृती तेथे मांडली जाणार होती. ड्युशाँची 'फाउंटन' आली आणि तो खुलेपणा संपला. परीक्षक हटवले तरी कलेविषयीचे अव्यक्त गृहीतक हटले नव्हते. निकष नाहीत असे म्हणणारी व्यवस्था प्रत्यक्षात न सांगितलेल्या निकषांनी चालते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सौंदर्यनिर्णयाची कारणे देता येतच नाहीत, मग परीक्षकाकडे ती मागायची कशी? येथे कांटचा आधार घेतला जातो, पण अर्धाच. सौंदर्यनिर्णय संकल्पनाधिष्ठित नसतो असे म्हणणारा कांट तो निर्णय इतरांच्या संमतीवर हक्क सांगतो, असेही म्हणतो. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'नंतर (१९७४) मराठी अभ्यासकाला तरी या प्रश्नाची बोळवण 'आवड' या एका शब्दात करता येऊ नये. निर्णय सिद्ध करता येत नसेल. समर्थनीय करता येतो. ज्याला इतरांची संमती हवी, त्याने इतरांशी बोलले पाहिजे.

आपल्याच परंपरेत याचे एक उदाहरण आहे. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेत परीक्षक गावोगावच्या केंद्रांवर जातात आणि प्रेक्षकांमध्ये बसून प्रयोग पाहतात. नुसत्या संहितेवर निकाल लावत नाहीत. त्या निकालांवर वाद झाले आहेत आणि होतीलही. परंतु वाद घालणाऱ्याने तोच प्रयोग पाहिलेला असतो. 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ असा असतो: परीक्षक दिसणे नव्हे, परीक्ष्य कृती सर्वांसमोर असणे.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रस्तावाआधी कृती पाहावी, आणि तीही शक्य तेथे कलावंताच्या गावी. प्रस्ताव मराठीत स्वीकारावा, त्यातील गद्याला गुण देऊ नयेत. आणि नकाराची कारणे मंडळाने नावानिशी, मराठीत लिहून छापावीत. यात वेळ आणि पैसा जाईल, हे खरे. पण कारण लिहावे लागले की परीक्षकाला समीक्षक व्हावे लागते. ज्याला तेवढे कष्ट नकोत, त्याने आपल्या पसंतीला पसंती म्हणावे. लोकशाही म्हणू नये.