वेगळ्या चुली, एक पंगत

‘अल्पसंख्य समाज’ असे म्हटले की तो एकजिनसी असणार, असा आपला सर्वसाधारण समज असतो. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाविषयी वाचू लागलो तेव्हा माझा हा समज पार ढासळला. कॅथलिक वेगळे, प्रोटेस्टंट वेगळे. प्रोटेस्टंटांतही अँग्लिकन, मेथॉडिस्ट, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट अशा कितीतरी चुली! मी स्वतः ख्रिस्ती नाही. परंतु ज्या मातीत सत्यशोधक विचार रुजला, त्या मातीतील विद्यार्थ्याला या प्रश्नाकडे परका म्हणून पाहता येत नाही.

या चुली मुळात आपल्याकडच्या नव्हेत. परदेशी मिशनांनी कामासाठी मुलूख वाटून घेतले. सातारच्या बाजूला अमेरिकन मराठी मिशन, तर कोल्हापूर-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन. त्यामुळे आपल्या भागातील माणूस कोणत्या पंथाचा ख्रिस्ती होणार, हे पुष्कळदा त्याच्या श्रद्धेपेक्षा त्याच्या गावाच्या पत्त्यावरून ठरले! पाहुण्यांनी आखलेल्या रेघा घरच्या माणसांनी जन्मभर जपाव्यात काय?

हा प्रश्न आपल्याच परिसरात एका थोर मराठी कवीने विचारला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनच्या नोकरीतून मुक्त झाले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्याच्या कामाला लागले. विटा त्या काळी सातारा जिल्ह्यातच मोडत होते. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, पंथाच्या भिंती आड येऊ नयेत आणि हे सारे मराठी भक्तिपरंपरेच्या भाषेत व्हावे, अशी ती कल्पना होती. त्याआधी पंडिता रमाबाईंनीही १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला खरा, पण चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितलेले प्रत्येक मत मुकाट्याने मानण्यास त्यांनी नकार दिला. स्वतंत्र बुद्धीची ही परंपरा महाराष्ट्रात अशी जुनी आहे. तरीही १९१९ साली टिळक निवर्तले आणि दरबाराचा जीवच गेला. एका तेजस्वी पुरुषाभोवती जमलेली माणसे त्याच्यामागे एकत्र राहतातच असे नाही, हा त्यातला पहिला धडा.

दुसरा प्रयत्न संस्थांचा. १९२९ पासून चाललेल्या वाटाघाटींनंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चांचे एकीकरण होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. ही घटना सामान्य नव्हे. पण घटना-नियम एक झाले म्हणून मने एक झाली असे म्हणवत नाही. पुढे जमिनी आणि इमारतींचे वाद न्यायालयात गेले. गुजरातेतील ब्रेदरेन चर्चच्या वादाचा निकाल तर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. मालमत्ता जोडण्यापासून सुरू झालेली एकी मालमत्तेपाशीच अडखळते, हा दुसरा धडा.

मग पुरोगामी ख्रिस्ती मंडळींनी एकत्र यावे तरी कसे? पुरोगामी म्हणजे ज्यांना ख्रिस्ताची शिकवण जात, स्त्रीचे स्थान, जमीन आणि पाणी यांच्यापर्यंत पोहोचवावीशी वाटते ते. अशी माणसे आपल्याकडे झाली, आजही आहेत. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी हरित वसईच्या चळवळीत पाण्यासाठी आणि झाडांसाठी लढा दिला. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. दलित ख्रिस्ती ईश्वरशास्त्राचा पाया घालणारे अरविंद निर्मळ हे मराठीच. माणसांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो त्यांच्यातील दळणवळणाचा.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. वसईच्या कॅथलिक शेतकऱ्याचा प्रश्न जमिनीचा आणि कोळ्याचा समुद्राचा. अहिल्यानगर-मराठवाड्याकडील प्रोटेस्टंट ख्रिस्ती समाजात पूर्वाश्रमीच्या महार-मांग कुटुंबांचा मोठा भरणा. त्यांचा प्रश्न सवलतींचा. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या गेल्या. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना नाहीत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला गेला. धर्म बदलला तरी वस्ती बदलली नाही, विहीर बदलली नाही, काही ठिकाणी तर चर्चमधला बाकही बदलला नाही! हे दुःख वसईच्या माणसाचे नाही. वसईचे दुःख जालन्याच्या माणसाचे नाही. म्हणून प्रत्येकजण आपापल्या चुलीवर आपापली भाकरी भाजतो.

याचे उत्तर आपल्या दुष्काळी भागाने देऊन ठेवले आहे, असे मला वाटते. १९९३ पासून आटपाडीला क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. तीत वेगवेगळ्या पक्षांचे लोक बसले. गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर यांचे पक्ष एक नव्हते, आणि कोणी कोणाला पक्ष सोडायला सांगितलेही नाही. मागणी मात्र समन्यायी पाणीवाटपाची, म्हणजे ज्याच्या शिवारात पाणी येणार त्याने ज्याच्या शिवारात येणार नाही त्याच्यासाठीही भांडायचे. सहकार्याची कसोटी हीच! ज्या मागणीतून आपल्या पदरात काही पडणार नाही, तिच्यासाठी आपण उभे राहतो काय?

ही कसोटी पत्करली तर बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत. ईश्वरशास्त्रातील मतभेद आधी मिटवण्याचा हट्ट नको. एका वर्षाला एक प्रश्न पुरे. निमंत्रकपद पाळीपाळीने फिरावे, म्हणजे दरबार एका माणसाबरोबर मावळणार नाही. मालमत्ता नको, वर्गणी आणि तिचा उघडा हिशेब असावा. व्यासपीठावर केवळ बिशप आणि फादर नकोत. स्त्रिया, शिक्षक, परिचारिका आणि तरुण हवेत, नाहीतर पुढारी पुरोगामी आणि मंडळी जिथल्या तिथे, असे व्हायचे.

कोणी म्हणेल, आजच्या वातावरणात ख्रिस्ती लोक जमले की धर्मांतराचा संशय येतो, तेव्हा गप्प राहिलेलेच बरे. हे भय निराधार नाही, हे मी मान्य करतो. पण संशय बंद दारामागे वाढतो. दार उघडे ठेवावे, मराठीत बोलावे, आणि शेजारच्या हिंदू, बौद्ध, मुसलमान मित्रांनाही बोलवावे. आणि बोलावणे आले की आपण जावे. अल्पसंख्यांनी एकटेच धीट व्हावे आणि आपण बहुसंख्यांनी कौतुक करीत घरी बसावे, हा न्याय नव्हे.

चुली वेगळ्या राहिल्या तरी चालेल. प्रत्येकीच्या भाकरीची चव वेगळी असते. पंगत मात्र एक हवी, आणि तीत शेवटी बसलेल्याला आधी वाढले गेले पाहिजे.