कोच बदलायचा की मधला माणूस सांभाळायचा?



या आठवड्याचा व्हिडिओ दोन दिवस उशिरा येईल. त्याआधी हा लेख वाचा. कॅमेऱ्यासमोर बोलताना माणूस स्वतःची चूक जरा गुळगुळीत करून सांगतो. लिहिताना तसं जमत नाही, म्हणून आज लिहितोय.

माझा भाचा अंधेरीला राहतो. मुंबई सिटी एफसीचा कट्टर चाहता. 2025 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तो दोंडाईचाला आला आणि रोज संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसायला लागला. इथली दोन-तीन पोरं त्याला सामील. विषय एकच: कोच पेत्र क्राट्कीला ठेवायचं की नवा कोच आणायचा, आणि मिडफिल्डला कोण घ्यायचा? एक म्हणे, "कोचच बदला, सगळं सुधरेल." दुसरा म्हणे, "कोच काय करेल? मध्ये माणूसच नाही." आवाज इतका वाढला की काउंटरवर थांबलेले एक काका वैतागून म्हणाले, "भाऊ, पयले मना पाइप काढी दे, मंग भांडा."

मी पाइप काढून दिला. पण त्या पोरांचा वाद डोक्यातून गेला नाही. कारण हाच वाद मी दोन वर्षांपूर्वी माझ्या दुकानात स्वतःशी घातला होता, आणि चुकीच्या बाजूने जिंकलो होतो.

ज्यांना फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. मागे गोलकीपर आणि बचाव करणारे, पुढे गोल मारणारे, आणि या दोघांना जोडणारे ते मिडफिल्डर. मागून आलेला बॉल घ्यायचा, मान वर करून बघायचं, योग्य माणसाला द्यायचा. पेपरात फोटो गोल मारणाऱ्याचा येतो. हा मधला माणूस नसला की मात्र पुढच्याला बॉलच मिळत नाही.

आता मुंबईची गोष्ट बघा. डिसेंबर 2023 मध्ये, सीझन अर्धवट असताना क्राट्की आले. आधीचे कोच डेस बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडला निघून गेले होते. तरीही 4 मे 2024 ला मुंबईने कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानला 3-1 ने हरवून आयएसएल कप जिंकला. कोच नवा, टीम जुनी, मधली फळी जाग्यावर. मग त्या उन्हाळ्यात मिडफिल्डचा आपुइया मोहन बागानला गेला. पुढे गोल करणारा पेरेरा डियाझ आणि मागचा राहुल भेके बंगळुरूला गेले. मुंबईने गोव्याहून ब्रँडन फर्नांडिसला आणलं, चांगला खेळाडू. पण 2024-25 ला टीम सहाव्या नंबरवर राहिली आणि नॉकआउटमध्ये बंगळुरूने 5-0 ने हरवलं. कोच तोच होता, लक्षात घ्या. त्याच वर्षी मोहन बागानने लीग शील्ड आणि कप दोन्ही नेले, आणि सेमीफायनलमध्ये त्यांना फायनलला पोचवणारा शेवटच्या क्षणाचा गोल आपुइयाचाच होता.

एका माणसामुळे सगळं झालं असं मी म्हणणार नाही. तीन-चार जण एकदम गेले, तो परिणाम आहे. पण वर्षभरापूर्वी कप जिंकून देणारा कोच पाच गोल खाल्ल्यावर एका रात्रीत बिनकामाचा कसा ठरतो, हा प्रश्न त्या पोरांना मी विचारला. उत्तर आलं नाही.

आता माझी गोष्ट. माझं हार्डवेअर, पीव्हीसी पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान. काउंटरवर मी, गोदामात दोन पोरं, आणि मध्ये एक माणूस होता. नऊ वर्षं होता. त्याला कुठलं पद नव्हतं. व्हॉट्सअॅपवर आलेली ऑर्डर तो बघायचा, गोदामात ओरडून सांगायचा, बिल करायचा, टेम्पोवाल्याला गाव समजावायचा. कोणत्या शेतकऱ्याची उधारी मिरची विकल्यावर येते आणि कोणाची कापसाचे पैसे आल्यावर, हे त्याच्या डोक्यात होतं. कुठला प्लंबर कुठल्या कंपनीचा एल्बो मागतो, हेही त्याच्याच डोक्यात. त्याचा पगार 14,000 रुपये. त्याने 3,000 वाढवून मागितले.

मी नाही म्हणालो. बीबीए केलंय ना मी! हिशोब लगेच केला: वर्षाला 36,000 रुपये वाढीव खर्च. आणि मनात म्हणालो, हा करतो काय? विक्री मी करतो, माल पोरं उचलतात. तिसऱ्या महिन्यात तो दुसऱ्या गावच्या एका मोठ्या दुकानात लागला. जाताना गोदामातलं एक पोरगंही त्याच्यासोबत गेलं.

तेव्हा मी गावभर सांगत फिरलो की त्याने मला दगा दिला, माझा माणूस फोडला. आज तसं वाटत नाही. सर्जिओ लोबेरा नावाचे स्पॅनिश कोच बघा. 31 जानेवारी 2020 ला एफसी गोवाने त्यांना बाजूला केलं, तेही टीम टेबलमध्ये वर असताना. काही महिन्यांनी ते मुंबईला आले. मागोमाग गोव्याचे मुर्तादा फॉल, अहमद जाहूह, ह्युगो बूमूस, मंदार राव देसाई हेही मुंबईला आले. त्याच सीझनला मुंबईने शील्ड आणि कप दोन्ही घेतले. 13 मार्च 2021 ची फायनल गोव्यातच, फातोर्ड्याला झाली. पुढे 2023 मध्ये लोबेरा ओडिशाला गेले, तर फॉल आणि जाहूह तिथेही पोचले. ज्या माणसासोबत काम जमतं आणि मान मिळतो, त्याच्या मागे माणसं जातात. माझं पोरगं माझ्या मागे थांबलं नाही, यात दोष कोणाचा, हे मला मान्य करायला वर्ष लागलं.

मग मी तेच केलं जे ती पोरं सांगत होती. "नवा कोच आणा." शहरातल्या मोठ्या शोरूममध्ये काम केलेला, कॉम्प्युटर येणारा, इस्त्रीचा शर्ट घालणारा मॅनेजर 20,000 रुपयांवर ठेवला. माणूस वाईट नव्हता. पण त्याला सॉफ्टवेअरमध्ये स्टॉक बघायची सवय, आणि माझा स्टॉक सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच. तो गेलेल्या माणसाच्या डोक्यात होता. ठिबकचा सीझन तोंडावर, मे महिना, कापूस लावणारे शेतकरी दारात, आणि आम्ही एकमेकांना विचारतोय की 63 एमएमचे कपलर कुठे ठेवलेत. चार महिन्यांत तो कंटाळून गेला.

हिशोब सांगतो, माझ्याच वहीतला. सीझनच्या घाईत चुकीच्या साइजचा माल मागवला, 38,000 अडकले. ज्या उधारीची वेळ कोणालाच माहीत नव्हती ती 72,000 ची आजपर्यंत वसूल झाली नाही. जुन्याला 17,000 दिले असते, नव्याला 20,000 दिले, चार महिन्यांचा फरक 12,000. एकूण 1,22,000 रुपये. म्हणजे जी वाढ मी नाकारली, तिच्या तीन वर्षांहून जास्तीचे पैसे एका सीझनमध्ये गेले. जी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली ती यात धरलेली नाहीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. छोट्या धंद्यात काही बिघडलं की आपण मॅनेजर शोधायला निघतो किंवा भारी सेल्समन शोधतो. आधी मधला माणूस बघा. तो आहे का, खूश आहे का, आणि उद्या नसेल तर काय होईल? मॅनेजर त्यानंतर.

काही जण म्हणतील, "दादा, मग मॅनेजरला काही किंमतच नाही का?" आहे ना. पण त्याला वेळ आणि माणसं दोन्ही द्यावी लागतात. बकिंगहॅम यांच्या पहिल्या सीझनला, 2021-22 मध्ये, मुंबई पाचवी आली, पहिल्या चारात नाही. मालकांनी त्यांना काढलं नाही. ग्रेग स्टुअर्टसारखा माणूस आणून दिला, मधली फळी टिकवली. पुढच्या सीझनला टीम सलग 18 सामने हरली नाही आणि 20 सामन्यांत 46 गुण घेऊन शील्ड जिंकली. मी माझ्या मॅनेजरला काय दिलं? रिकामं गोदाम आणि चार महिने.

आता तुम्ही काय करायचं, ते सांगतो.

पहिलं, एक दिवस काउंटरवर गप्प बसा आणि मोजा. दुकानातले लोक अडले की कोणाला हाक मारतात? ज्याच्या नावाने दिवसात सगळ्यात जास्त हाका पडतात तो तुमचा मिडफिल्डर. पद काहीही असो.

दुसरं, त्याच्या डोक्यातलं कागदावर आणा, पण त्याला घाबरवून नाही. "तू गेलास तर" असं म्हणू नका. "तू सुट्टीवर गेलास तर" असं म्हणा, आणि खरंच सुट्टी द्या, पगारी. त्या चार दिवसांत काय अडलं ते लिहून ठेवा. तीच तुमची यादी.

तिसरं, त्याच्या हाताखाली एक तयार करा. लोबेरा गेल्यावर गोव्याने काय केलं? बाहेरून मोठं नाव आणायला धावले नाहीत. गोव्याचाच क्लिफर्ड मिरांडा स्टाफमध्ये होता, त्याच्याकडे टीम दिली. लीगचे मोजकेच सामने उरले होते. गोव्याने शील्ड जिंकली आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप स्टेजला जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. तयारीचा माणूस घरात होता म्हणून हे जमलं.

चौथं, पगाराचं बोलणं तुम्ही सुरू करा. माणूस मागायला येतो तेव्हा त्याने बाहेर विचारपूस केलेली असते. सीझन संपल्यावर, पैसे हातात असताना, तुम्हीच बोलवा. सगळी रक्कम एकदम जमत नसेल तर तसं सांगा, अर्धी आता द्या, अर्धी दिवाळीपासून. शब्द दिला तर पाळा.

आणि एक कडू गोष्ट. एवढं करूनही माणूस जाऊ शकतो. आपुइयाला मुंबईने वाईट वागवलं म्हणून तो गेला असं मी म्हणत नाही. माणसं पुढे जातात. त्यांना अडवणं आपल्या हातात नाही. आपण 3,000 रुपयांच्या हट्टापायी घालवणार नाही, एवढं मात्र हातात आहे.

आज माझ्या दुकानात तेव्हा मागे राहिलेलं गोदामातलं दुसरं पोरगं मधल्या जागी आहे. ठिबकच्या सगळ्या साइज त्याने रॅकवर खडूने लिहून ठेवल्यात, उधारीची वही गावानुसार लावलीय. मागच्या आठवड्यात मी त्याला चहाला बोलवलं आणि पगाराचं मीच काढलं. तो आधी घाबरला. त्याला वाटलं, काढून टाकतोय.

नऊ वर्षं काम केलेल्या त्या माणसाला मी असं एकदाही चहाला बोलवलं नव्हतं. परवा तो दोंडाईचा स्टेशनवर भेटला, हसून बोलला, "दुकान कसं चाललंय भाऊ?" विचारलं. मी म्हणालो, चाललंय. खरं तर माफी मागायची होती. गाडी आली आणि राहून गेलं.

तुमच्या दुकानात असा कोण आहे? आज दुकान वाढवायच्या आधी त्याच्याशी दहा मिनिटं बोला. मग भेटू व्हिडिओत.