मांजर अंग चाटतच राहिली तर



आमच्या घरी केसर नावाची मांजर आहे. पांढऱ्या अंगावर केशरी ठिपके, म्हणून लेकीने हे नाव ठेवले. पण ती खरी अब्बांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. असरची नमाज पढून अब्बा छपरीत बाजेवर बसायचे आणि केसर त्यांच्या मांडीला टेकून बसायची. मामा तलावातले बारीक मासे घरी आले की पहिला वाटा तिचा. अम्मी चिडायच्या, अब्बा हसायचे.

मागच्या वर्षी रोवणीच्या दिवसांत अब्बांचा इंतेकाल झाला. घर पाहुण्यांनी भरले आणि मग रिकामे झाले. साधारण दीड महिन्याने लेकीच्या लक्षात आले की केसरच्या शेपटीच्या मुळाशी आणि पोटावर केस उरलेच नाहीत. ती बसल्या बसल्या अंग चाटायची. हाक मारली तर क्षणभर थांबायची आणि पुन्हा सुरू. पुढच्या आठवड्यात कमरेवरची कातडी लाल झाली, एका जागी ओलसर जखम दिसू लागली.

घरात सगळ्यांचे एकमत झाले: केसर अब्बांच्या दुःखात आहे. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "मुके जनावर, रडणार कसे? म्हणून अंग चाटते." हे ऐकून अम्मींच्या डोळ्यांत पाणी आले. खरे सांगायचे तर मलाही ते कारण आवडले. अब्बांची आठवण काढणारे घरात आणखी कोणी आहे, असे वाटायचे. त्या आवडीपायी आम्ही जवळजवळ एक महिना काहीच केले नाही. सब्र केला की दुःख ओसरेल, तशी जखमही भरेल, असे मानून बसलो. आज मला त्या महिन्याबद्दलच लिहायचे आहे.

जखम वाढली तेव्हा उपाय सुरू झाले, तेही घरचे. मी खोबरेल तेलात हळद कालवून लावली. तिने ती पाच मिनिटांत चाटून साफ केली आणि त्या जागी जास्तच चाटू लागली. मग पाण्यात टाकल्यावर दुधासारखे होणारे जंतुनाशक घेऊन मी कापसाने जखम पुसली. थोड्या वेळाने केसरच्या तोंडातून लाळ गळायला लागली. घाबरून मी तिचे अंग साध्या पाण्याने धुतले आणि पुन्हा त्या बाटलीला हात लावला नाही. त्याच संध्याकाळी ह्यांनी ओळखीच्या शेतकऱ्याकडून बैलांच्या गोचिडांवरचे औषध आणले. "थोडेसे लावून पाहू," म्हणाले. लेकीने बाटली हातातून काढून घेतली. म्हणाली, "अब्बू, आधी डॉक्टरांना विचारा." आठवीतली मुलगी आम्हा दोघांपेक्षा शहाणी निघाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर केसरला भाजीच्या टोपलीत घालून, वरून ओढणी बांधून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. बाहेर बैल आणि शेळ्या होत्या. मांजर घेऊन आलेली मी एकटीच. डॉक्टरांनी आधी गोचिडाच्या औषधाचे विचारले. लावले नाही म्हटल्यावर म्हणाले, "मॅडम, लावले असते तर आज ही मांजर दिसली नसती."

त्यांनी समजावले ते असे. गोठ्यात वापरतात त्या अनेक औषधांत सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असते आणि कुत्र्यांच्या पिसवांवरच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन असते. बैलाला, कुत्र्याला ती चालतात. मांजरीचे यकृत मात्र ती नीट पचवून बाहेर टाकू शकत नाही. अंग थरथरते, झटके येतात, जीवही जातो. फिनाईल आणि माझे ते दुधाळ जंतुनाशक हेही याच कारणाने विष. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर अर्धीसुद्धा जीवघेणी ठरू शकते. शिवाय मांजरीच्या अंगावर जे लावाल ते शेवटी तिच्या पोटात जाते, कारण ती चाटणारच.

मग त्यांनी एक पांढरा कागद ओला करून टेबलावर ठेवला आणि बारीक दातांच्या फणीने केसरच्या कमरेवरचे केस त्यावर विंचरले. काळ्या मिऱ्याच्या भुकटीसारखे कण पडले. ओल्या कागदावर एका मिनिटात त्या कणांभोवती तांबूस डाग पसरले. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे केसरचेच पचलेले रक्त. मी म्हटले, "पण डॉक्टर, आम्हाला एकही पिसू दिसली नाही." ते म्हणाले, "दिसणार कशी? ती चाटताना गिळून टाकते." काही मांजरींना पिसूच्या लाळेची ॲलर्जी असते. अशा मांजरीला एक-दोन पिसवा चावल्या तरी कित्येक दिवस खाज सुटते.

घरी येऊन विचार करत बसले, या पिसवा आल्या कुठून? उत्तर छपरीतच होते. अब्बा असताना गल्लीतला कुत्रा छपरीत पाय ठेवत नसे. ते गेल्यावर बाज रिकामी राहिली. पावसात भिजलेला तो कुत्रा बाजेखाली झोपू लागला, आणि अब्बांची जागा म्हणून केसर बाजेवर झोपायची. म्हणजे अब्बांच्या जाण्यानेच हे झाले होते, फक्त आम्ही समजत होतो त्या रीतीने नाही. आम्ही तिच्या दुःखाच्या गोष्टी सांगत होतो आणि त्या वेळी तिला खाज सुटत होती.

ही चूक फक्त आमच्या घरची नाही. अमेरिकेतील पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २००६ साली एक अभ्यास छापून आला. मानसिक ताणामुळे केस चाटून काढतात असा ज्यांच्याबद्दल समज होता, अशा २१ मांजरी नीट तपासल्या. त्यांतल्या १६ मांजरींना शरीराचाच आजार निघाला. तिघींना आजार आणि ताण दोन्ही होते. केवळ ताण असलेल्या फक्त दोन निघाल्या. म्हणून 'हिला दुःख झाले आहे' हे कारण सगळ्यात शेवटी धरावे, सगळ्यात आधी नाही.

आता तुमच्या घरी मांजर असेल तर काय पाहावे, ते सांगते.

मांजरीने अंग चाटणे हे मुळात चांगलेच. निरोगी मांजर जागेपणीचा साधारण पाव वेळ त्यातच घालवते. तिच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यांनी केस विंचरले जातात. पण तेच काटे एका जागी रोज फिरत राहिले तर केस तुटतात आणि कातडी सोलते. काही मांजरी लपून चाटतात. तेव्हा केस तुटून खुंटासारखे लागतात का, उलटीत किंवा विष्ठेत केसांचे पुंजके येतात का, ते पाहा.

जागाही काही सांगते. कंबर आणि शेपटीचे मूळ असेल तर आधी पिसवांचा संशय घ्यावा. डोके, मान, कान खाजवत असेल तर कानातले किडे, खरजेचे किडे किंवा अन्नाची ॲलर्जी असू शकते. गोल चट्टे पडून केस गळत असतील तर गजकर्ण असू शकते, ते मुलांनाही लागते. फक्त खालचे पोट चाटत असेल तर ॲलर्जी असू शकते किंवा मूत्राशय दुखत असू शकते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: बोका वारंवार लघवीला बसतो आणि थेंबही येत नाही, असे दिसले तर उद्यावर टाकू नका. मूत्रमार्ग बंद झालेला बोका एक-दोन दिवसांत मरू शकतो.

पिसवा असतील तर मांजरीचे वजन करून, तिच्यासाठीच बनवलेले थेंब डॉक्टरांकडून घ्यावेत. ते मानेच्या मागे, जीभ पोहोचत नाही तिथे कातडीवर टाकायचे. महिन्यातून एकदा, निदान तीन महिने. एकदा टाकून भागत नाही, कारण अंगावरच्या पिसवा थोड्याच असतात. त्यांची अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात, सतरंजीखाली आणि जमिनीच्या भेगांत असतात, आणि कोष तर कित्येक आठवडे तग धरतात. आम्ही बाजेची दोरी सोडून नवी विणली, गोधड्या कढत पाण्यात धुऊन उन्हात टाकल्या आणि कोपरे रोज झाडून कचरा बाहेर जाळला.

कुत्र्याचे काय करायचे, यावर घरात चर्चा झाली. डॉक्टर म्हणाले होते की त्यालाही औषध दिले नाही तर सगळे पुन्हा सुरू होईल. हाकलून दिला तर तो दुसऱ्याच्या छपरीत पिसवा नेईल. शेवटी ह्यांनी त्याची गोळी भाकरीच्या तुकड्यात घालून दिली आणि बाहेर कडुनिंबाखाली, पत्र्याच्या आडोशाला पोते अंथरून त्याची सोय केली. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची मगफिरत झाल्याची हदीस आपण मुलांना शिकवतोच.

जखम भरेपर्यंत केसरच्या गळ्यात डॉक्टरांनी दिलेली नरसाळ्यासारखी कॉलर होती. तिने चाटणे थांबते, पण खाज थांबत नाही. म्हणून कॉलर हा उपचार नव्हे, तो उपचाराला मिळालेला वेळ आहे. खाजेवर स्टेरॉइडचे इंजेक्शन लगेच गुण देते, पण मूळ कारण न शोधता ते पुन्हा पुन्हा घेऊ नये. त्याने मांजरीला मधुमेह होऊ शकतो. अन्नाच्या ॲलर्जीचा संशय असेल तर डॉक्टरांनी ठरवलेले एकच अन्न साधारण आठ आठवडे द्यावे लागते. मध्ये एक बोटी दिली तरी परीक्षा वाया जाते.

तीन महिन्यांत केसरच्या कमरेवर केस आले. पोटावरचा रुपयाएवढा चट्टा मात्र राहिला. लेकीने वहीत वेळा लिहून ठेवल्या तेव्हा दिसले की ती दुपार उतरताना, असरच्या सुमारासच जास्त चाटते. डॉक्टरांनी पुन्हा तपासले, लघवीही तपासली. आजार काही निघाला नाही. तेव्हा कुठे आम्हाला अब्बांचे नाव घेण्याचा हक्क मिळाला.

यावर उपायही साधा होता. मांजरीला ठरलेला दिवस लागतो. जेवण ठरल्या वेळी, पाणी ठरल्या जागी, चढून बसायला उंच जागा, लपायला एखादे खोके, आणि रोज दहा मिनिटे दोरीला चिंधी बांधून खेळ. चाटताना ओरडू नये, पाणी मारू नये. भीतीने ती जास्तच चाटते. हलकेच खेळाकडे वळवावे. रमजानमध्ये आपले सगळे घड्याळ बदलते, पण तिचे जेवण जुन्याच वेळी ठेवावे. ईदला पाहुणे येतात तेव्हा एक शांत खोली तिला द्यावी. इतके करूनही चाटणे थांबले नाही तर त्यावर औषधे आहेत, पण ती डॉक्टरांनीच द्यायची.

जवळ दवाखाना नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. आणि कातडीची बारकाईने तपासणी लागली तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ सालापासूनचे. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडून सकाळी रेल्वेने निघून संध्याकाळी परत येता येते.

मांजरीला उपाशी बांधून ठेवणाऱ्या बाईची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. लहानपणी ती ऐकताना मला वाटायचे, किती निर्दयी बाई! आम्ही केसरला उपाशी ठेवले नव्हते. मासे देत होतो, कुरवाळत होतो, तिच्यासाठी रडतही होतो. तरी तिचा एक महिना आमच्यामुळे खाजेत गेला. आपली कल्पना म्हणजे तिची हकीकत नव्हे. शाळेतही हेच घडते. फळ्यावरचे न उतरवणाऱ्या मुलाला मी एकदा आळशी ठरवले होते. त्याला चष्मा हवा होता.

अम्मी आधी म्हणायच्या, "जानमाजवर केस पडतात, तिला बाहेर ठेवा." आता असर झाली की त्याच नव्या विणलेल्या बाजेवर जाऊन बसतात. परवा मी चहा घेऊन गेले तेव्हा केसर त्यांच्या मांडीला टेकून झोपली होती. अम्मी हळू आवाजात म्हणाल्या, "बेटा, कप तिथेच ठेव. ही उठेल."

पोटावरचा चट्टा अजून पूर्ण भरला नाही. पण लहान होतो आहे, अल्हम्दुलिल्लाह.