चुकलं? पुसा, पुन्हा लिहा!

बालमित्रांनो, पाटीवरचं गणित चुकलं तर तुम्ही काय करता? पुसता आणि पुन्हा मांडता. आर्डुइनो ही अशीच एक पाटी, पण विजेवर चालणारी!

तळहातावर मावणारा हा बोर्ड २००५ मध्ये इटलीतल्या इव्ह्रेआ गावी तयार झाला. तिथे डिझाइन शिकणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या मुलांनाही जमावं, म्हणूनच तो सोपा ठेवला.

संगणकावर आज्ञा लिहायच्या आणि यूएसबी केबलने बोर्डावर पाठवायच्या. पहिला धडा असतो बोर्डावरचाच इवलासा दिवा लुकलुकवण्याचा. आज्ञेत १००० लिहिलं की दिवा एक सेकंद लागतो, एक सेकंद विझतो. तिथे २०० लिहा. बघा कसा भराभर लुकलुकतो! नाही आवडलं? बदला. 'ऊनो' या बोर्डाची चिप सुमारे १०,००० वेळा पुसून लिहिता येते.

आई-बाबांनो, याचा आराखडा सर्वांना खुला आहे. त्यामुळे इतर कारखानेही असे बोर्ड बनवतात आणि ते स्वस्त पडतात.

एक मात्र ध्यानात ठेवा. आज्ञा चुकली तर पुसता येते. तार चुकली तर बोर्ड जळू शकतो. म्हणून आधी केबल काढायची, मगच तारा जोडायच्या. आणि घरातल्या विजेच्या प्लगला तारा कधीच जोडायच्या नाहीत!

आता सांगा पाहू: दिवा तीनदा लुकलुकून पाच सेकंद विझलेला राहायला हवा. आज्ञा कोणत्या क्रमाने लिहाल? बोर्ड नसला तरी चालेल, वही काढा!