बटाट्याचा दाखला

मोबाइलमुळें मुलांचें मन बिघडतें कीं नाहीं, हा प्रश्न निघाला म्हणजे आमच्या सुशिक्षित मंडळींत एक दाखला हटकून पुढें येतो. तो बटाट्याचा. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्शिबिल्स्की या ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनीं २०१९ सालीं ब्रिटन-अमेरिकेंतील ३,५५,३५८ किशोरवयीन मुलामुलींची माहिती तपासून असें दाखविलें कीं, त्यांच्या मनःस्वास्थ्यांत जो कमी-अधिकपणा आढळतो, त्यापैकीं फार तर ०.४ टक्के भागाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशीं लागतो. बटाटे खाण्याचा संबंध जवळजवळ तेवढाच वाईट निघाला, आणि चष्मा लावण्याचा तर याहून वाईट! झालें. मुलाच्या हातांत मोबाइल देऊन स्वस्थ बसणाऱ्या बापाला तेव्हांपासून शास्त्राचा आधार मिळाला आहे.

या दोघां अभ्यासकांशीं आमचें भांडण नाहीं. त्याच माहितींतून, हिशेबाची रीत थोडी बदलली तर, हवा तो निष्कर्ष काढतां येतो, हें त्यांनीं उघड करून दाखविलें, आणि तें काम चोख होतें. आमचें भांडण आहे तें त्यांचें अर्धेंच म्हणणें पाठ करणाऱ्यांशीं. याच ऑर्बेनबाईंनीं सहकाऱ्यांसह २०२२ सालीं ब्रिटिश मुलांची माहिती वयवार लावून पाहिली. तेव्हां मुलींत अकरा ते तेरा, मुलग्यांत चौदा-पंधरा, आणि दोघांतहि एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास सोशल मीडियाचा अधिक वापर वर्षभरानें घटलेल्या समाधानाशीं जुळलेला दिसला. सर्व वयांची सरासरी काढली कीं हीं नाजूक वर्षें तींत बुडून जातात. बटाटा सर्वांना ठाऊक. ती अकरा वर्षांची मुलगी मात्र कोणाच्या तोंडीं येत नाहीं.

उलट पक्ष तरी काय अधिक शहाणा आहे? जोनाथन हाइट यांचें २०२४ चें पुस्तक वाचून कित्येक पालकांनीं खटला निकालांत निघाला असेंच मानलें. २०१२ च्या सुमारास अमेरिकन मुलांच्या हातीं स्मार्टफोन आले, त्याच सुमारास त्यांच्यांतील नैराश्य वाढूं लागलें, हें खरें. परंतु दोन रेषा बरोबर चढल्या म्हणजे एकीनें दुसरीला चढविलें असें होत नाहीं, हा आक्षेप कँडिस ऑजर्स यांनीं त्याच वर्षीं ‘नेचर’मध्यें घेतला, आणि तो टाळतां येण्याजोगा नाहीं.

आमचें म्हणणें असें कीं, दोन्ही पक्ष ज्या मापावर भांडत आहेत तें मापच कच्चें आहे. माप कोणतें? तर तास, आणि तेहि बहुधा मुलांनींच अंदाजानें सांगितलेले. २०२१ सालीं, अशा सांगितलेल्या वेळेची यंत्रांतील नोंदींशीं तुलना करणारे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हां दोन्ही क्वचितच जुळले. शिवाय तास तो कशाचा? बेळगांवच्या आजीला फोनवर पाढे म्हणून दाखविणारी मुलगी, आणि रात्रीं पांघरुणांत परक्या मुलींचीं छायाचित्रें पाहून स्वतःच्या अंगाची लाज वाटून घेणारी मुलगी, या हिशेबांत दोघी सारख्याच! दिवसांत किती वेळ जेवलां एवढेंच विचारून पोटदुखीचें निदान करणाऱ्या वैद्याला आपण दुसऱ्यांदा उंबऱ्याच्या आंत घेणार नाहीं.

खरी वही कंपन्यांजवळ आहे. कोणत्या मुलीला काय दाखविलें, ती कोठें थबकली, मग तिच्यापुढें आणखी काय लोटलें, याची नोंद तेथें क्षणाक्षणाला होते. ती वही एकदां किंचित् उघडली. २०२१ सालीं फ्रान्सिस हॉगेन यांनीं फेसबुकचे अंतर्गत कागद बाहेर आणले. त्यांत कंपनीच्याच संशोधकांचें विधान होतें कीं, दर तीन किशोरींपैकीं एकीच्या मनांतील शरीराविषयींचा न्यूनगंड इन्स्टाग्राम वाढवितें. कंपनीनें खुलासा केला, हा आंकडा सर्व मुलींचा नव्हे. ज्यांना तो त्रास आधींच होता त्यांच्यापुरताच आहे. आम्हांला तर हा खुलासा मूळ विधानाहून भयंकर वाटतो. दुखऱ्या जागेवरच ओझें पडतें, हें ओझें ठेवणाऱ्यानेंच बचाव म्हणून सांगावें!

युरोपीय संघानें २०२२ च्या कायद्यानें मोठ्या कंपन्यांना आपली माहिती मान्यताप्राप्त अभ्यासकांपुढें ठेवणें भाग पाडलें आहे. आमच्या २०२३ च्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास व हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई केली, हें उत्तम झालें. पण अभ्यासकाला वही दाखविण्याची सक्ती त्यांत नाहीं. ती मागावयाची सोडून आम्ही दिवाणखान्यांत बटाट्यावर वाद घालीत बसलों आहोंत. पुरावा ज्यानें कुलुपांत ठेवला त्यानेंच ‘पुरावा कोठें आहे?’ म्हणून विचारावें, आणि आम्हीं मान डोलवावी!

तोंवर घरांत काय करावें? सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव या गांवानें २०२२ सालीं संध्याकाळीं सात वाजतां भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा प्रघात पाडला. आमच्या एका स्नेह्यांना याचें हंसूं आलें. ‘यानें सिद्ध काय झालें?’ असें त्यांनीं विचारलें. सिद्ध कांहीं झालें नाहीं, हें आम्हांलाहि मान्य आहे. गेले चार महिने आमच्या घरींहि भोंग्यावांचून तोच दीड तास पाळला जात आहे. मुलें आठवड्यांत रुळलीं. आम्हांला मात्र महिना लागला.