पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसला? थेट ‘पिशवी काढून टाका’ नको, आधी बायोप्सी

एचपीव्ही लसीची सध्या बरीच चर्चा आहे. पण ती लस गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा, म्हणजे एंडोमेट्रियल कॅन्सर वेगळा. त्यावर लस नाही आणि पॅप टेस्टमध्ये तो अनेकदा सापडतही नाही.

मग ओळखायचा कसा?
सुमारे 90 टक्के रुग्णांमध्ये रक्तस्राव हे लक्षण असतं. त्यामुळे पाळी बंद होऊन वर्ष उलटलं असेल, तर एक डागही तपासून घ्या. लठ्ठपणा, मधुमेह किंवा पीसीओएस असेल तर धोका जास्त. सोनोग्राफीत अस्तराची जाडी कळते, पक्कं निदान बायोप्सीनेच होतं.

घाई का नको?
कॅन्सर असल्याचं आधी कळलं तर गाठी, नळ्या, अंडाशय यांचाही विचार करून एकदाच नीट ऑपरेशन ठरवता येतं. नंतर कळलं तर दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागू शकतं. म्हणून गायनॅक ऑन्कोलॉजिस्टला दाखवा.

नागपुरात कुठे?
तपासणीसाठी मेडिकलचा स्त्रीरोग विभाग आहे. कॅन्सरच्या उपचारांसाठी राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आणि जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

लवकर सापडला तर हा कॅन्सर बहुतेकदा बरा होतो. आईला, मावशीला आजच विचारा.